कोळशाच्या गावातले गाडीवेड

माजरी जंक्शनच्या फलाटावर उभे राहिले की येणाऱ्या मालगाडीचे इंजिन डोळे मिटूनही ओळखता येते. जुने अल्को डिझेल असेल तर सोळा सिलिंडरांची लयदार धडधड आधी पायाखाली जाणवते, मग कानावर येते. विजेवरचे जुने वॅग-९ असेल तर सुटताना खालच्या सुरात एक गुणगुण उठते आणि वेग वाढेल तशी ती पायरीपायरीने वर चढत जाते. रेल्वेचे शौकीन या दोन्ही आवाजांवर जीव टाकतात. वॅग-९च्या जुन्या विद्युत यंत्रणेच्या जागी आता नवी, अधिक गुळगुळीत चालणारी यंत्रणा बसते आहे, त्यामुळे ते पायरीपायरीचे गाणे विरळ होत चालले आहे आणि शौकीन ते ध्वनिमुद्रित करून ठेवू लागले आहेत. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या आवाजासाठीही माणूस हळवा होऊ शकतो, याचा हा रोकडा पुरावा आहे.

पेट्रोल-डिझेलच्या मोटारी जाऊन विजेच्या येत असताना गाडीवेड्यांच्या मनात जी हुरहूर आहे, तिचा विचार माजरीतून करावासा वाटतो तो यामुळेच. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले हे गाव कोळशाचे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे माजरी क्षेत्र, तेलवासा, ढोरवासा, एकोना अशी आसपासच्या खाणींची नावे, दिल्ली-चेन्नई लोहमार्ग आणि इथून वणी-आदिलाबादकडे फुटणारा फाटा. वाफेच्या इंजिनांच्या काळात कोळसा थेट इंजिनाच्या भट्टीत जायचा. १९९५च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफ थांबली. त्याआधीच डिझेल आले होते. आज तारेखाली धावणारे इंजिन चालवायला लागणारी बरीचशी वीज पुन्हा कोळशाचीच असते. कोळसा कुठल्या तरी वीज केंद्रात जळतो आणि त्याचा जोर तारेतून रुळावर परत येतो. मोटारींचे नेमके हेच होऊ घातले आहे. इंधन जळण्याची जागा गाडीच्या बॉनेटखालून उचलून दूर नेली जाते आहे. रेल्वेने हा पल्ला आधीच ओलांडला आहे, आणि तिच्यावर प्रेम करणारे कमी झालेले नाहीत.

‘डिझेल इंजिन’ म्हणून ओळखले जाणारे रेल्वेचे इंजिनही चाकांपाशी विजेचेच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आतले डिझेल यंत्र चाके फिरवत नाही. ते जनित्र फिरवते आणि त्यातून निघालेली वीज प्रत्येक आसाजवळच्या मोटारींना जाते. असे का करावे लागले? कारण कोळशाने भरलेल्या रेकचे ओझे काही हजार टनांचे. ते जागचे हलवायचे तर शून्य वेगाला प्रचंड ओढ हवी. इंजिन शून्य वेगाला काहीच देऊ शकत नाही, ते आधी फिरत असावे लागते. मधे क्लच आणि गिअर घालावेत तर जुन्या अल्कोचा २६०० अश्वशक्तीचा भार पेलताना क्लचचा भुगा होईल. विजेच्या मोटारीला ही अडचण नाही. तारेतून प्रवाह वाहिला की चुंबकीय क्षेत्रात बल तयार होते. चाक फिरत आहे की उभे आहे, याच्याशी त्या बलाला देणेघेणे नसते. म्हणून जागेवरून हलताना मोटारीची ओढ सर्वांत जास्त.

कोळशाच्या खाणींत हेच वेगळ्या आकारात दिसते. उघड्या खाणींमध्ये मातीचा थर उपसणारी अवाढव्य ड्रॅगलाइन किंवा दोरखंडाचे शॉवेल जाड केबलमधून आलेल्या विजेवर चालते. सर्वांत मोठ्या जातीच्या डंपरांतही डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि चाके मोटारी फिरवतात. भूमिगत खाणीत तर पेट्रोलच्या इंजिनाला मज्जावच असतो. तिथे मिथेन वायूची भीती असते, म्हणून कोळसा भरणारी यंत्रे ज्वालारोधक विद्युत मोटारींची. शिवाय प्रत्येक खाणकामगाराच्या कमरेला बॅटरी. पाळी संपली की कॅप लॅम्प दिवाघरात आणून चार्जिंगच्या रॅकवर लावायचा, दुसऱ्या दिवशी आपल्या नंबरचा भरलेला दिवा घेऊन खाली उतरायचे. आधी त्या बॅटऱ्या शिसे-आम्लाच्या आणि जड होत्या, नंतर हलक्या लिथियमच्या आल्या. बॅटरी किती तास टिकेल, कधी दगा देईल, जुनी झाली की कशी वागते, याचे व्यवहारज्ञान खाणकामगारांच्या घरांत दोन-तीन पिढ्यांचे आहे. विजेच्या गाड्यांबद्दल बोलताना आपण या माणसांना नवखे समजतो, ते मला पटत नाही.

आता शौकिनांच्या दुःखाकडे येऊ. ते खरे आहे आणि त्याला नावे ठेवून चालणार नाही. इंजिनाचा आवाज म्हणजे स्फोटांची मालिका. चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० स्फोट होतात. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक भरीव सूर ऐकू येतो. बुलेटचे एकच सिलिंडर मिनिटाला ९०० फेऱ्यांवर रेंगाळते तेव्हा सेकंदाला सात-आठच ठोके पडतात, म्हणून तिची धकधक मोजता येते. चांगला मिस्त्री या ठोक्यांवरून टॅपेट सैल आहे की प्लग चुकतो आहे, हे गाडी न उघडता सांगतो. शौकिनाचे प्रेम या ऐकण्यातून वाढलेले असते. विजेच्या मोटारीत स्फोट नाहीत. तिथे जे ऐकू येते ते चुंबकीय ओढीच्या वेगवान उलाढालीतून निघणारी बारीक शीळ, टायरांचा आवाज आणि वारा.

कंपन्यांनाही ही उणीव कळलेली आहे. युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलना कमी वेगात ऐकू येईल असा आवाज काढणे सक्तीचे झाले, ते मुख्यतः पादचाऱ्यांच्या आणि अंध व्यक्तींच्या सुरक्षिततेसाठी. महिंद्राने २०२४च्या नोव्हेंबरात बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या दाखवल्या, तेव्हा त्यांच्या ध्वनिरचना ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतल्या होत्या. रहमान यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, स्पीकरमधून येणारा आवाज शौकिनाला पुरेसा होणार नाही. इंजिनाच्या आवाजात बातमी असते. तो ऐकून यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते कळते. वॅग-९चे गाणे लोकांना आवडते तेही कुणी ते रचलेले नाही म्हणून. मोटारीला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलत जाते आणि तो बदल आपोआप ऐकू येतो. विजेच्या मोटारगाड्यांनी आपला स्वतःचा आवाज दडपून टाकण्याऐवजी थोडा बाहेर येऊ दिला, तर नव्या पिढीचे कान त्यावरही तयार होतील.

असा निरोप शौकिनांनी याआधीही घेतला आहे. विदर्भातल्या कुठल्याही गावात यामाहा आरएक्स १००चे नाव काढून पाहावे. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, टू-स्ट्रोक. १९८५ ते १९९६ एवढीच तिची भारतातली कारकीर्द. टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनाबरोबरच जळते आणि काही मिश्रण न जळताच बाहेर पडते, त्यामुळे धूर जास्त. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती गेली. त्यानंतर कार्बोरेटर गेला. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींत जवळजवळ सगळीकडे इंधनाचे इंजेक्शन आले. दोन्ही वेळा मजा संपल्याची भावना होती. आज आरएक्स १०० तीस वर्षांनंतरही बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून फिरवली जाते, आणि इंजेक्शनच्या गाड्यांवर जीव लावणारी पोरेही त्याच गल्लीत असतात.

गंमत म्हणजे विजेची मोटार ही नवी पाहुणी नाहीच. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेची होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन शर्यतपटूने टॉर्पेडोच्या आकाराची आपली गाडी ताशी सुमारे १०६ किलोमीटरच्या वेगाने पळवली. त्या काळी पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडत असे. १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि ती भीती संपली. म्हणजे पेट्रोलच्या गाडीला घराघरांत नेले ते एका छोट्या विजेच्या मोटारीने, आणि त्या पायी विजेच्या गाड्या बाजारातून मागे पडल्या. सेल्फ मारताना आपण आजही तीच मोटार फिरवतो.

शौकिनाला भुरळ घालणारी दुसरी गोष्ट पिकअप. इथे विजेची गाडी उणी नाही. टाटा हॅरियरची विजेवरची आवृत्ती २०२५च्या जूनमध्ये आली. दोन मोटारींच्या गाडीसाठी ० ते १०० वेग ६.३ सेकंदांत, असा कंपनीचा दावा आहे. दोन टनांहून जड गाडीसाठी हा आकडा एके काळी स्वप्नातला वाटला असता. पण कसलेल्या चालकाला विचारले तर तो सांगेल की नुसता वेग म्हणजे शौक नव्हे. चढावर इंजिन दमायच्या आधी गिअर उतरवणे, जुन्या ट्रकला डबल क्लच देऊन आवाज न करता दात जुळवणे, ही हातापायांत मुरलेली कला होती. ती जाणार आहे. तिच्या जागी येणारे कौशल्य वेगळे आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय किती आणि केव्हा उचलायचा, म्हणजे मोटार जनित्र होऊन किती वीज बॅटरीत परत टाकेल. समोरचा उतार, वारा, एसी आणि वेग यांचा हिशेब करून एका युनिटमध्ये किती किलोमीटर काढायचे. ॲव्हरेज काढण्यात धन्यता मानणाऱ्या आपल्या लोकांना हा खेळ लवकर लागेल.

वीज परत मिळवण्याच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत एक सुंदर विरोधाभास आहे. माजरीची खाण म्हणजे खड्डा. डंपर रिकामा खाली जातो आणि भरून वर येतो. उतारावर वजन कमी, चढावर जास्त, म्हणून परत मिळणारी वीज थोडी. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज डोंगरावर आहे. तिथे गाडी रिकामी वर चढते आणि भरून खाली उतरते. स्वित्झर्लंडमध्ये सिमेंटसाठी दगड वाहणारा एक विजेवरचा डंपर अशाच डोंगरउतारावर चालतो. तो सुमारे ६५ टन माल घेऊन उतरताना एवढी वीज साठवतो की रिकामे वर चढायला ती पुरते, कधी उरतेही. भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर बॅटरीचा डंपर माजरीपेक्षा सुरजागडला अधिक शोभेल.

आता माजरीत टाळता न येणारा प्रश्न. विजेची गाडी कोळशावरच चालणार असेल तर तिचा उपयोग काय? हिशेब करून पाहू. कोळशाच्या वीज केंद्रात एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. वाहिन्यांतली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर बॅटरीत एक युनिट पडण्यासाठी केंद्रात सव्वा युनिट तयार व्हावे लागते, म्हणजे ९०० ग्रॅमच्या थोडा वर कोळसा. मध्यम आकाराची मोटार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. थोडक्यात, माजरीच्या एका किलो कोळशावर सातेक किलोमीटर. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १७० ते २०० ग्रॅमच्या घरात जातो. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी धुराड्यातून किलोमीटरला साधारण १५५ ग्रॅम सोडते आणि तेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्यातला कार्बन मिळवला तर तीही १८०च्या पुढे जाते. म्हणजे निव्वळ कोळशाच्या विजेवर दोघी जवळपास बरोबरीत.

पण आपल्या घरातली वीज निव्वळ कोळशाची नसते. जलविद्युत, पवन, सौर, अणू असे सगळे मिसळून देशाच्या जाळ्यातली वीज युनिटमागे ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड सोडते, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात. त्या विजेवर मोटारीचा आकडा १३० ते १५० ग्रॅमवर येतो. छतावर सौर पॅनेल असेल तर आणखी खाली. शिवाय पेट्रोलची गाडी विकत घेतली त्या दिवसाहून स्वच्छ कधीच होत नाही, विजेची गाडी जाळे सुधारेल तशी सुधारत जाते. बॅटरी तयार करताना होणारे प्रदूषण तिच्या खात्यावर आधीच चढलेले असते, तेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. आणि हवेचा विचार केला तर धूर वर्दळीच्या चौकातून निघून चिमणीपाशी जातो. ती चिमणी कुणाच्या गावात आहे, हे चंद्रपूरकरांना सांगावे लागत नाही. २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र आपल्याच दारात आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी नि:शब्द आणि निर्धूर होतील, तेव्हा त्या विजेचा काही धूर दुर्गापूर आणि ऊर्जानगरवर उतरत असेल. गाड्यांबद्दल उत्साहाने लिहिताना ही बाजू मी सोडणार नाही.

इथली दुसरी कसोटी उन्हाची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांना सहज शिवतो. लिथियमच्या बॅटरीला साधारण २० ते ३५ अंशांची हवा मानवते. उष्णता वाढली की आतल्या नकोशा रासायनिक क्रिया वेग घेतात आणि बॅटरीची साठवण लवकर घटते. म्हणून नव्या गाड्यांत बॅटरीभोवती द्रव खेळवून ती थंड ठेवतात, आणि म्हणूनच आपल्याकडे लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी जास्त दिसते. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा ती थोडी जड असते, पण उष्णतेत शांत राहते. गाडी झाडाखाली लावणे, भर दुपारी लांबच्या प्रवासाहून आल्याबरोबर जलद चार्जर न लावणे, रोज शंभर टक्के भरण्याचा हट्ट न धरणे, अशा साध्या सवयी आपल्या भागात बॅटरीचे आयुष्य खरोखर वाढवतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला मात्र मधूनमधून पूर्ण भरू द्यावे, म्हणजे तिचा शिल्लक दाखवणारा आकडा भरवशाचा राहतो.

माझी खरी काळजी आवाजाची किंवा उन्हाची नाही, ती बंद झाकणाची आहे. गाडीचा शौक गॅरेजमध्ये वाढला. मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून, पाने देत, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुताना बघत पोरे शिकली. विजेच्या गाडीत ३०० ते ४०० व्होल्ट असतात. नारिंगी केबलला नेमके हातमोजे आणि प्रशिक्षण असल्याशिवाय हात लावायचाच नाही, हे बरोबर आहे. पण त्या भीतीच्या आड कंपनीने सगळेच कुलूपबंद करून ठेवले, दोष दाखवणारे सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्या शोरूममध्ये ठेवले, तर भद्रावती-वरोऱ्याच्या मिस्त्रीच्या हाती टायर बदलणे आणि काचा पुसणेच उरेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही उघडले. त्यात मोटारींचे क्षेत्र आहे. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. माजरीसारख्या ठिकाणी याला आणखी एक आधार आहे. शटडाऊन घेतल्याशिवाय, कुलूप-पाटी लावल्याशिवाय तारेला हात न लावण्याची शिस्त खाणीच्या इलेक्ट्रिशियनांच्या अंगात भिनलेली आहे. हजारो व्होल्टच्या केबलवर काम केलेला निवृत्त माणूस गॅरेजवाल्या पोरांना चारशे व्होल्टची भीती आणि आदर दोन्ही शिकवू शकेल.

शौक टिकवण्याची एक वाट जुन्या गाड्यांतूनही जाते, आणि त्यासाठी आपल्या भागात जिप्सीहून योग्य गाडी नाही. १९८५ साली आलेली ही मारुती, वजन टनाच्या आत, खाली शिडीसारखी चौकट, चारही चाकांना जोर. २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली, तरी ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर सफारीच्या गाडीचे नाव जिप्सीच. जंगलातला चालक दर थोड्या वेळाने इंजिन बंद करतो, कारण चितळाचा किंवा वानराचा इशारा ऐकायचा असतो. गाडीतल्या माणसांनीही तेव्हा श्वास रोखलेला असतो. वाघ दिसल्यावर मग सेल्फ मारायचा की नाही, हा त्याच्यापुढचा रोजचा पेच. विजेवर बदललेल्या गाडीत तो पेच उरत नाही. केनियात सफारीच्या जुन्या गाड्यांतले इंजिन काढून बॅटरी आणि मोटार बसवण्याचा उद्योग काही वर्षांपासून चालू आहे. आपल्या लष्करानेही २०२३ मध्ये आयआयटी दिल्लीच्या साथीने जिप्सी विजेवर बदलून दाखवली.

अशा बदलाला आपल्याकडे कायद्याची वाट आहे. मंजुरी मिळालेले किट, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी आणि आरटीओची नोंद, एवढे हवे. हिशेबही जुळतो. सफारी सकाळी एक आणि दुपारनंतर एक, मधे गाडी चार-पाच तास उभी. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला साधारण तीन युनिट भरतात, म्हणजे त्या विश्रांतीत बारा ते पंधरा. जंगलातला वेग कमी, गाडी हलकी. एका युनिटला पाचच किलोमीटर धरले तरी साठ-सत्तर किलोमीटरची सोय दुपारच्या जेवणाच्या वेळात होते आणि रात्री बॅटरी पूर्ण भरता येते. गिअरबॉक्स, चारही चाकांचा जोर, पाट्याची स्प्रिंग, सगळे जुनेच राहते. म्हणजे तेल बदलायला, पाटा बसवायला, बेअरिंग ऐकायला गाडी पुन्हा त्याच मिस्त्रीकडे येईल, आणि किटवाल्याने त्याला बॅटरीचे झाकण उघडण्याचे रीतसर शिक्षण दिले तर तेही काम त्याच्याच शेडमध्ये होईल.